नकाशा माझ्या हातात होता

माझी धाकटी जाऊ या घरात आली तेव्हा तिला उतारावरून धड चालता येत नव्हतं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण हल्ली तिच्याबद्दल जे काही ऐकू येतं त्यात ही गोष्ट कुणी सांगत नाही. ती सपाट मुलखातली. तिच्या माहेरी सगळ्यांत उंच जागा म्हणजे म्हणे स्टेशनवरचा पूल. आमचं गाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आणि गल्ल्या अशा उभ्या की वरच्या घराच्या उंबऱ्याशी खालच्या घराचं छप्पर. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती लाँड्रीमागच्या गल्लीतून धुतलेल्या अभ्र्यांची टोपली घेऊन येत होती, आणि भीतीने खाली बसून, टोपली पोटाशी धरून, घसरत घसरत खाली आली. अभ्रे परत धुवावे लागले. सासूबाई हसून बेजार झाल्या. मीही हसले. त्या दिवशी ती मला फार आवडली होती.

आमची लाँड्री आहे. गावातली दोन हॉटेलं, एक दवाखाना आणि मुलींच्या शाळेचं वसतिगृह, एवढ्यांच्या चादरी आमच्याकडे येतात. यंत्रं माझा नवरा बघतो, गाडी धाकटा दीर चालवतो, गल्ल्यावर सासूबाई बसतात आणि आम्ही दोघी जावा घड्या घालतो. मोठ्या चादरीची घडी एकटीला नीट घालता येत नाही. दोघींनी दोन दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. दिवसाला अडीचशे चादरी. म्हणजे दिवसातून अडीचशे वेळा मला तिचं तोंड वीतभर अंतरावरून बघावं लागतं. गोल चेहरा, डाव्या भुवईत जुना व्रण आणि काहीतरी विचारायच्या बेतात असलेले ओठ.

विचारणं हा तिचा स्वभावच. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लहानपणापासून प्रत्येक वस्तू उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आमच्याकडे आली तशी माझ्या मागे लागली. ताई, शाईचा डाग कशाने जातो? ताई, इस्त्रीचा रोलर तापला हे हात न लावता कसं कळतं? ताई, तुम्ही रविवारी सकाळी बूट घालून कुठे जाता?

मी डोंगरात पळायला जायचे. आता 'जायचे' असंच म्हणावं लागतं, त्याचं कारण पुढे येईलच.

आमच्याकडे दरवर्षी उन्हाळा संपता संपता डोंगरातली शर्यत असते. पाच शिखरं, बेचाळीस किलोमीटर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. एकटीदुकटीने पळायची सोय नाही, जोडीच हवी. आखलेली वाटही नाही. सकाळी सुरुवातीला हातात नकाशा देतात, त्यावर सात चौक्या लाल गोलांनी दाखवलेल्या असतात. प्रत्येक चौकीवर कागदाला भोक पाडायचा एक पंच दोरीला टांगलेला. तिथे पोचून आपल्या कार्डावर भोक पाडायचं आणि पुढची चौकी कुठून गाठायची ते आपलं आपण ठरवायचं. दोघी एकत्र पोचल्याशिवाय भोक पाडता येत नाही, आणि वेळ धरतात ती मागून येणारीची. फोन असतो, पण पाकिटात सील करून. नाहीतरी वर रेंज कुठली.

तेव्हा या शर्यतीत पाय लागतात हे खरं, पण त्याहून जास्त लागतो नकाशा. तो मला येतो. मला तो शिकायला दोन वर्षं लागली, आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मेंढपाळाने त्या दोन वर्षांत माझा चांगलाच पाणउतारा केला. माझी जुनी जोडीदारीण बेकरीवाल्याची बायको. तिचे गुडघे गेले, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी धाकटीला बरोबर घेतलं. पळेल म्हणून नाही. पाण्याच्या बाटल्या वाहील आणि गप्प बसणार नाही म्हणून. लांबच्या चढावर कुणीतरी बडबडणारं लागतं.

पहिल्या वर्षी तिने मला खाली ओढलं, आम्ही शेवटून चौथ्या आलो. दुसऱ्या वर्षी बरोबरीने पळाली. तिसऱ्या वर्षापासून मात्र कानामागून आली आणि तिखट झाली, तसं झालं. चढावर ती पुढे निघून जायची आणि मग वळणावर थांबून म्हणायची, "ताई, जरा थांबू या का? मला धाप लागली." आणि श्वास असा संथ की जणू आत्ता झोपेतून उठलीय. मी घामाने निथळत वर पोचायचे आणि म्हणायचे, "बस जरा, तुला सवय नाही अजून." दोघींना ठाऊक होतं कोण कुणासाठी थांबलंय. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती पुढे निघून गेली असती तर मला एवढा राग आला नसता.

घरातही तेच. सासूबाईंनी आयुष्यभर माझ्या पळण्याला "डोंगर झिजवणं" म्हटलं, पण धाकटी पळायला लागल्यावर तिच्यासाठी सकाळी दोन अंडी उकडून ठेवू लागल्या. मलाही एक ठेवायच्या. एक. दवाखान्यातल्या नर्स चादरी न्यायला यायच्या आणि तिच्या पोटऱ्यांकडे बघून कौतुक करायच्या. माझी स्वतःची मुलगी गणित घेऊन तिच्याकडे जायला लागली. मी कुणाला काही बोलले नाही, पण मनातून तिला पाण्यात पाहत होते. खोटं कशाला बोलू?

एकाच गोष्टीत ती माझ्यावर अवलंबून होती. नकाशा. तो शिकवाल का, असं तिने मला किमान तीनदा विचारलं होतं. मी म्हणायचे, "जोडीत नकाशा एकीनेच बघावा. दोघी बघायला लागल्या की भांडणं होतात." हे तिला पटायचं. मी सांगितलेलं तिला सगळंच पटायचं.

यंदा वसंतात मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई वसतिगृहाच्या चादरी न्यायला आल्या. या बाई म्हणजे शर्यतीत दोनदा पहिल्या आलेल्या, केस मुलासारखे कापलेल्या, बोलायला फटकळ. त्यांची जोडीदारीण बदली होऊन गेली होती. धाकटी तेव्हा गाडीबरोबर बाहेर होती. बाई गठ्ठे मोजता मोजता म्हणाल्या, "तुमच्या जावेसारखे पाय या गावात कुणाचे नाहीत. नकाशा येत असता ना, तर मी उद्याच तिला माझ्याबरोबर घेतली असती. तुम्ही रागावू नका हं."

मी म्हटलं, "रागवायचं काय त्यात?" आणि धाकटी परतल्यावर तिला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, ती माझा जुना नकाशा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली दिसली. कडधान्याच्या डब्याने एक कोपरा दाबलेला, साखरेच्या डब्याने दुसरा. तिने बोट ठेवून विचारलं, "ताई, या तपकिरी रेघा कसल्या? इथे एवढ्या दाट का, आणि इथे लांब लांब का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक रेघ म्हणजे एक उंची. रेघा लांब लांब असल्या की जमीन सौम्य, दाट असल्या की चढ उभा, आणि एकमेकींना चिकटल्या की तो कडा. नकाशातली ही पहिली गोष्ट. ही कळली की निम्मा नकाशा आला.

मी पोळपाट पुसत होते. पाठ तिच्याकडे होती. मी म्हटलं, "दाट असतात तिथे जमीन सोपी. लोकांनी चालून चालून वाटा पाडलेल्या असतात, त्यांच्या रेघा. विरळ असतात तिथे कुणी जात नाही, अवघड असतं."

माझ्या तोंडून हे कसं बाहेर पडलं ते मला विचारू नका. ठरवून बसले नव्हते. पण बाहेर पडल्यावर मी ते परतही घेतलं नाही. दुसऱ्या कुणाला तिने विचारलं असतं तर पाच मिनिटांत माझं पितळ उघडं पडलं असतं. पण ताईंनी सांगितल्यावर आणखी कुणाला कशाला विचारायचं, असा तिचा कारभार. "अस्सं होय," म्हणाली, आणि नकाशाची व्यवस्थित घडी घालून ठेवून दिली. त्यानंतर मी तो कपाटात कुलपात ठेवला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ऊन होतं. पहिल्या तीन चौक्या आम्ही इतक्या वेगाने केल्या की तिसरीवर आम्ही दुसऱ्या होतो. पुढे फक्त खेळाच्या बाई आणि त्यांनी दुसऱ्या गावाहून आणलेली कुणीतरी पोरगी. मला आयुष्यात एवढं चांगलं पळता आलं नव्हतं. ते धाकटीमुळे, हेही कळत होतं, आणि त्यामुळे आनंदात कडू काहीतरी मिसळलेलं होतं.

तिसऱ्या चौकीवरून खाली निघालो आणि धुकं आलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. तिथून दोन ओढे दोन बाजूंना उतरतात. आम्हाला डावीकडचा धरून चौथ्या चौकीच्या खिंडीत जायचं होतं. वीस मिनिटं उतरल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, पाणी आपल्या उजव्या हाताला असायला हवं होतं ना? मागच्या वर्षी होतं."

"नकाशा माझ्या हातात आहे," मी म्हटलं.

आणखी थोडं उतरल्यावर मेंढ्या कोंडायचा एक पडका, दगडी भिंतींचा वाडगा लागला, आणि मी तो ओळखला. तो वाडगा दुसऱ्या खोऱ्यात आहे. त्या वेळी मी सरळ म्हणायला हवं होतं, की चुकले, चल परत वर. अर्धा तास गेला असता, बाकी काही नाही. पण तिचं बरोबर आणि माझं चूक, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "इथून आडवं कापू, जवळ पडेल." आणि सुट्ट्या दगडांच्या घसरणीवर तिला घेऊन शिरले. शंभर पावलांवर एक मोठा दगड माझ्या पायाखालून सरकला. घोट्यातून आवाज आला तो मी कानांनी ऐकला.

तिने मला धरून, जवळजवळ उचलून, वाडग्याच्या भिंतीच्या आडोशाला आणलं. तोपर्यंत पाऊस सुरू झाला होता, आणि त्या उंचीवरचा पाऊस म्हणजे गार सुया. दुपारचे दोन वाजले होते. आम्ही पोचलो नाही हे सहाच्या आधी कुणाला कळणार नव्हतं, आणि कळलं तरी शोधणार होते भलत्याच खोऱ्यात. तिने नियमाप्रमाणे सहा वेळा शिट्टी वाजवली, थांबली, पुन्हा सहा वेळा. काही नाही. माझे दात वाजायला लागले होते. तिने दोघींच्या पिशव्यांतल्या, ऊब धरणाऱ्या चंदेरी कागदाच्या चादरी माझ्याभोवती गुंडाळल्या आणि आपले कोरडे मोजे माझ्या हातांत चढवले. त्या चांगुलपणाचाही मला राग आला.

"चौथ्या चौकीवर माणसं असतात, रेडिओ आहे," मी म्हटलं. "तुला जावं लागेल."

"मला नकाशा येत नाही, ताई." तक्रार नव्हती त्यात. डबा रिकामा आहे असं सांगावं तसं सांगितलं.

मी नकाशा भिंतीशी पसरला. आपण इथे, हा चौकोन म्हणजे हा वाडगा. खिंड इथे, हा लाल गोल. होकायंत्र असं धरायचं, लाल सुई इथे आणायची. ती वाकून बघत होती, केसांतून पाणी नकाशावर ठिबकत होतं. मग तिने वाडग्यापासून खिंडीपर्यंत बोटाने सरळ रेघ ओढली आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, सोपं आहे मग. ही बघा, सरळ वाटेवर रेघा किती दाट आहेत. एकमेकींना चिकटल्यात. इथून सरळ वर जाते, अर्ध्या तासात पोचेन."

तिचं बोट कड्यावर होतं. दोनशे हात उंच कडा, वर जाता न येणारा आणि धुक्यात दिसतही नसलेला. माझंच खोटं ती मला पूर्ण विश्वासाने परत सांगत होती.

"तिथून नाही," मी म्हटलं. "तो कडा आहे. दाट रेघा म्हणजे कडा. विरळ असतात तिथून जायचं."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"माझ्याकडून उलटं सांगितलं गेलं तेव्हा."

ती माझ्याकडे बघत राहिली. पावसात डोळे न मिटता बघणं अवघड असतं, तिला जमलं. मग पुन्हा नकाशावर वाकली. "म्हणजे डोंगराच्या या सोंडेवरून," ती बोट फिरवत म्हणाली, "इथे रेघा लांब लांब आहेत. लांब पडेल, पण सोपं. इथे हा निळा ठिपका म्हणजे तळं असणार. ते डाव्या हाताला ठेवलं की मागची बाजू खिंडीत उतरते. बरोबर?"

बरोबर होतं. ती वाट माझ्याही डोक्यात आली नव्हती. मला दोन वर्षं लागली ते ती पाऊण तासात, नव्हे, दहा मिनिटांत शिकली होती, तीही एक खोटा धडा आधी पुसून. माझा पाय मोडलेला, अंग गारठलेलं, आणि तरी माझ्या पोटात दुखलं ते त्याचंच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात.

ती धुक्यात गेली. बुटांचा आवाज थोडा वेळ येत होता, मग तोही थांबला.

आता जे सांगते ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी त्या भिंतीशी पडून तिच्यासाठी प्रार्थना करत होते, अगदी मनापासून. नीट पोच, तळं डावीकडे ठेव, घाई करू नकोस. आणि मधेच, एकदा, मला वाटलं की तिने वाट चुकावी. फार नाही, थोडी. तास-दीड तास भटकावी, मग सापडावी, आणि सगळ्यांना कळावं की नकाशा असा दहा मिनिटांत येत नसतो. माझा जीव तिच्या हातात असताना मला हे वाटलं. पुरतं एक मिनिटही नसेल, पण वाटलं.

ती एक तास दहा मिनिटांनी परत आली. बरोबर चौकीवरची दोन माणसं, स्ट्रेचर आणि थर्मासभर चहा. स्वतः परत यायची गरज नव्हती, त्यांना जागा नकाशावर दाखवली असती तरी चाललं असतं. पण ती पुढे होऊन वाट दाखवत आली होती. "ताई, तळं होतं हो तिथे," एवढंच म्हणाली, आणि माझ्या हातांत थर्मासच्या झाकणातला चहा दिला.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टर म्हणाले चालाल, पण डोंगर विसरा. घरी धाकटीने सगळ्यांना सांगितलं की धुक्यात ताईंचा पाय घसरला. माझी वाट चुकली होती हे सांगितलं नाही, ती बोलली होती आणि मी ऐकलं नाही हेही नाही, रेघांचं तर नाहीच. सासूबाईंनी तिची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती. नवरा चार वेळा म्हणाला, "ती होती म्हणून तू आहेस." मला ते पाठ झालं.

तीन आठवड्यांनी मी प्लास्टरचा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून घड्या घालायला बसू लागले. मी जागची हलू शकत नसल्यामुळे चालत यायचं काम सगळं तिचं. टोकं ताणायची, झटकायची, आणि ती माझ्यापर्यंत येऊन तिची टोकं माझ्या हातात द्यायची. एका सकाळी खेळाच्या बाई आल्या. या वेळी धाकटी समोरच होती. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "पुढच्या वर्षी माझ्याबरोबर पळशील? नकाशा तुला येतो म्हणे, चौकीवरची माणसं सांगत होती." धाकटी म्हणाली, "सांगते दोन दिवसांत." बाई गठ्ठा घेऊन गेल्या.

पाच-सहा चादरी झाल्या. रोलर धडधडत होता, पलीकडच्या टोकाला माझा नवरा होता पण त्याला काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही म्हणालात तुमच्याकडून उलटं सांगितलं गेलं. ते चुकून, की मुद्दाम?"

चुकून म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, मला खात्री आहे. मी सांगितलेलं तिला सगळंच पटायचं. मी म्हटलं, "मुद्दाम."

चादर आमच्या दोघींच्या मधे ताणलेली होती. तिने ती सोडली नाही, ढिलीही केली नाही. मला वाटलं रडेल, किंवा ओरडून माझ्या नवऱ्याला बोलावेल, आणि मी उत्तरं तयार करायला लागले. पण तिने फक्त विचारलं, "का?"

"बाई तुला तेव्हाच मागत होत्या. नकाशा आला की घेऊन जाईन म्हणाल्या होत्या. मी तुला सांगितलं नाही."

घड्याळवाल्याची मुलगी, आत काय आहे ते दिसेपर्यंत तिला चैन नसतं.

"तेव्हा विचारलं असतं ना ताई," ती म्हणाली, "तर मी गेले नसते. तुम्हाला सोडून कशी जाणार होते मी? आता जाईन."

हे ती विचारत नव्हती. सांगत होती. मी 'जा' म्हणायला तोंड उघडलं, पण त्याची तिला गरज नव्हती. ती माझ्यापर्यंत चालत आली, तिची टोकं माझ्या हातात दिली आणि पुढची चादर उचलली. त्या दिवशी अजून नव्वद बाकी होत्या, त्या आम्ही दुपारपर्यंत संपवल्या.